डिझेल गाडीला थंड हवा : घरच्या घरी काय करावे, काय करू नये

(ट्रॅक्टर व जीपधारक शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



ट्रॅक्टरच्या वर्गाला येणारी तरुण मंडळी हल्ली जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन एक प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न ट्रॅक्टरचा नसतो, दारातल्या जीपचा किंवा मोटारीचा असतो. "सर, एअर क्लिनरचा डबा काढून थंड हवा ओढणारा पाइप बसवला तर पिकअप वाढतो का? अ‍ॅव्हरेज वाढते का?" मोबाइलवर कोणीतरी तसे करून दाखवलेले असते. डबा काढायचा, त्या जागी शंकूच्या आकाराचा चकचकीत फिल्टर लावायचा, एक पाइप बंपरच्या खाली सोडायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकवायचा. आवाज मोठा झाला म्हणजे ताकद वाढली, असा त्यावर निकाल.

यातली मूळ कल्पना चुकीची नाही. इंजिनाला थंड हवा मिळणे चांगलेच. चूक होते ती पुढे, पाइप कोठे जोडायचा आणि कोठे हात लावायचा नाही, हे न समजल्यामुळे. त्या चुकीची किंमत रिंगा आणि लायनर यांच्या रूपाने मोजावी लागते. मी स्वतः ती मोजली आहे. तेही पुढे सांगणार आहे.

इंजिन हवा किती खाते?

आपण डिझेलचा हिशेब ठेवतो, हवेचा ठेवत नाही, कारण ती फुकट मिळते. पण डिझेल इंजिनाचे सगळे काम हवेवर चालते. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडून पेट्रोल पेटते, डिझेल इंजिनात ठिणगी नाही. पिस्टन नुसती हवा ओढतो आणि ती पंधरा ते बावीस पट दाबतो. दाबामुळे हवा ५०० अंशांच्याही वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलची फवार सुटते आणि आपोआप पेटते. जर्मनीतील रुडॉल्फ डिझेल यांनी या तत्त्वावरचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये चालवून दाखविले. आज इतके बदल झाले, तरी तत्त्व तेच आहे.

एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम भरते. ते पूर्ण जळायला निदान १२ किलो हवा लागते. हवेचे वजन तुम्ही कधी केले नसेल, म्हणून आकारमानात सांगतो. १२ किलो हवा म्हणजे सुमारे १० हजार लिटर. दोनशे लिटरची पन्नास पिंपे हवा, एका लिटर डिझेलला. आणि हे किमान झाले. डिझेल इंजिन धूर न करता चालायचे तर याहून पुष्कळ जास्त हवा आत यावी लागते.

दुसऱ्या बाजूने हिशेब करा. तुमच्या जीपचे इंजिन अडीच लिटरचे आहे आणि ते मिनिटाला २,००० फेरे घेत आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा भरली जाते. म्हणजे मिनिटाला एक हजार वेळा अडीच लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाही. ते वजा केले तरी तासाला सव्वा लाख लिटर हवा त्या मनगटाएवढ्या पाइपातून जाते. ती हवा कोठली आहे, किती गरम आहे आणि तिच्यात काय मिसळले आहे, हे पाहण्याचे काम आपले.

बॉनेटखालची हवा

हवा तापली की फुगते. फुगलेली हवा तितक्याच जागेत वजनाने कमी मावते. उन्हाळ्यातल्या तापमानाला साधारण दर तीन अंशांना एक टक्का हवा कमी होते, असा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. बाहेर ४० अंश आहे आणि बॉनेटखाली इंजिन ६० अंशांची हवा ओढत आहे, तर सुमारे सहा टक्के हवा कमी मिळाली.

जुन्या जीपगाड्यांत एअर क्लिनर पुष्कळदा बॉनेटखालीच इंजिनाशेजारी बसविलेला असतो आणि त्याचे तोंडही तेथेच उघडे असते. रेडिएटरमधले पाणी ८० - ९० अंशांचे. त्याच्यातून पंख्याने ओढलेली हवा मागे फेकली जाते, ती थेट या तोंडावर. गाडी वेगात असेल तर वारा खेळतो, तेवढे जाणवत नाही. पण टोमॅटोचे क्रेट भरून पाणंदीतून दुसऱ्या गियरमध्ये निघालात किंवा घाट चढत असाल, तर बॉनेटखाली भट्टीच असते.

आता मुद्द्याची गोष्ट. सहा टक्के हवा वाढली म्हणजे सहा टक्के ताकद वाढली का? नाही. पेट्रोल आणि डिझेल यांत येथे फरक आहे. जुन्या डिझेल इंजिनाची ताकद त्याचा पंप किती डिझेल सोडतो यावर ठरते. हवा त्यात आधीच जास्तीची असते. हलक्या लोडवर थंड हवा दिली तर तुम्हाला काहीच फरक कळणार नाही. पूर्ण लोडवर, चढावर, उन्हात मात्र हवा अपुरी पडू लागते आणि काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, तुमच्या पैशाचे. तेथे थंड हवेने धूर कमी होतो, सायलेन्सरकडे जाणारी आच कमी होते, गाडी थोडी मोकळी चढते. फायदा एवढाच आहे. अ‍ॅव्हरेज दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांकडे पाठ फिरवावी.

काही जण यापुढे जातात. हवा वाढली ना, मग डिझेलही वाढवू, असे म्हणून पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवतात. दोन दिवस गाडी उडते. नंतर काळा धूर, तापलेले पिस्टन आणि पीयूसीच्या वेळी धावपळ. पंपाचे सील हे टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याचे काम आहे, घरी पाना घेऊन बसण्याचे नव्हे.

माझी फजिती

माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. मे महिन्यात कल्याणहून नगरकडे येताना माळशेज घाटात ती दर वेळी काळा धूर सोडायची. शिकवणाऱ्या माणसाची गाडी अशी धूर सोडते म्हणून मित्र हसायचे. एका रविवारी घरीच काम काढले. शेतातले पीव्हीसी पाइपाचे उरलेले तुकडे होते, एक बेंड होता. क्लिनरच्या तोंडापासून पाइप काढला तो मॅनिफोल्डच्या जवळून पुढे नेला आणि रेडिएटरच्या बाजूला त्याचे तोंड काढले. दिसायला काम सुबक झाले होते.

गावात आठ दिवस छान चालले. पुढच्या खेपेला माळशेजच्या मध्यावर जीप एकाएकी मेल्यासारखी झाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तितका धूर जास्त. बॉनेट उघडून पाहतो तो काय, मॅनिफोल्डशेजारचा पाइप गरमीने मऊ पडून इंजिनाच्या ओढीने चपटा झालेला. पीव्हीसी पाइप पाण्यासाठी असतो. ७० - ८० अंशांला तो मऊ पडू लागतो, आणि मॅनिफोल्डच्या शेजारी यापेक्षा किती तरी जास्त आच असते. हे मला वर्गात सांगता येत होते, पण रविवारी सुचले नाही. पाइप उपटून फेकला आणि घरी आलो.

ही फजिती हसण्यावारी गेली. खरी चूक वेगळीच होती आणि ती चार महिन्यांनी कळली. पाइप बसवताना मी क्लिनर सोडवला होता. क्लिनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी होज जुनी होती, ती काढताना एका टोकाला चिरली. दुकान बंद. मी त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढला, बाइंडिंग वायरने आवळला आणि नवी होज पुढच्या आठवड्यात आणू म्हणालो. पुढचा आठवडा आलाच नाही. त्या हंगामात जीप रोज फुफाट्यातून जात होती. दिवाळीच्या सुमारास सकाळी स्टार्टिंगला त्रास सुरू झाला, ऑइल कमी होऊ लागले, ब्रीदरमधून भकाभका धूर येऊ लागला. मिस्त्रीने होज काढून आत बोट फिरवले आणि माझ्यासमोर धरले. बोटाला पिठासारखी माती. चारही लायनर आणि रिंगा गेल्या होत्या. इंजिन कामाला माझा तीन महिन्यांचा पगार गेला.

बंधूंनो, म्हणून फिल्टरच्या दोन बाजू कायम ध्यानात ठेवा. बाहेरून फिल्टरपर्यंत येणारी ती मळकी बाजू. फिल्टरपासून इंजिनापर्यंत जाणारी ती स्वच्छ बाजू. मळक्या बाजूला पाइप लांबवा, वळवा, तोंड बदला. तेथे एखादा सांधा सैल राहिला तर गरम हवा मिसळेल, त्याहून काही बिघडणार नाही, कारण ती हवा अजून गाळली जायची आहे. स्वच्छ बाजूला सुईएवढे भोक पडले तरी त्यातून आलेली धूळ गाळायला पुढे कोणी नाही. घरच्या घरी जे काही करायचे ते फक्त मळक्या बाजूला.

धूळ करते काय?

आपल्या मातीत वाळूचा अंश असतो, म्हणजे गारगोटीचाच भुगा. गारगोटी लायनरच्या बिडापेक्षा कठीण असते. डोळ्यांना दिसणारे मोठे कण फारसे आत पोचत नाहीत. घात करतात ते ५ ते २० मायक्रॉनचे कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण रिंग आणि लायनर यांच्यामधल्या ऑइलच्या पापुद्र्यात शिरतात आणि दर फेऱ्याला घासकागदासारखे काम करतात. तेच पुढे ऑइलमध्ये उतरून बेअरिंगापर्यंत जातात.

हिशेबासाठी धरून चला की दाट फुफाट्यात एक हजार लिटर हवेमागे एक ग्रॅम धूळ आहे. मघाच्या सव्वा लाख लिटर हवेतून तासाला १२५ ग्रॅम धूळ फिल्टरवर आली. शंभरातले ९९ भाग अडविणारा फिल्टर असेल तर सव्वा ग्रॅम आत गेली. ९५ भागच अडविणारा असेल तर सव्वासहा ग्रॅम, म्हणजे पाचपट. ऐकायला चारच टक्क्यांचा फरक वाटतो. शोभेचा शंकू-फिल्टर घेताना ही गोष्ट विचारात घ्यावी. 'हवा मोकळी जाते' ही त्याची जाहिरात असते. ज्यातून हवा फार मोकळी जाते त्यातून धूळही मोकळी जात नाही ना, हे आधी विचारा. शिवाय डबा काढल्यावर तो फिल्टर बॉनेटखालची गरम हवाच ओढतो, म्हणजे थंड हवेच्या नावाने आणलेली वस्तू गरम हवा पाजते.

कापण्याआधी मोजा

दूध केंद्रावर वापरतात तसा १०० अंशांपर्यंतचा तापमापक घ्या. त्याची कांडी क्लिनरच्या तोंडाजवळ, पण आत ओढली जाणार नाही अशी, घट्ट बांधा. नेहमीचा माल भरून नेहमीच्या वाटेने अर्धा तास गाडी चालवा. थांबल्याबरोबर आकडा पाहा, कारण उभ्या गाडीत बॉनेटखालची उष्णता लगेच चढते. मग सावलीतले तापमान पाहा. फरक दहा अंशांच्या आत असेल तर काहीही करू नका, तुमची गाडी ठीक आहे. पंधरा - वीस अंशांच्या पुढे असेल तर पाइप लांबवण्यात अर्थ आहे.

त्याच वेळी दुसरीही परीक्षा करा. ही फक्त जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनासाठी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये हळू चालू ठेवा आणि क्लिनरच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरा. तळहात लावू नका, फडकेही नको, ते आत ओढले जाते. दोन - चार सेकंदांत इंजिन बंद पडले पाहिजे. ते आचके देत चालूच राहिले, तर हवा दुसरीकडून शिरत आहे. ती वाट सापडेपर्यंत थंड हवेचा विचार सोडून द्या. तुमच्या इंजिनाचे आयुष्य त्या वाटेने जात आहे. होज सोडवून आतून पांढरे फडके फिरवा. तेलकट काळसर डाग चालेल, मातकट कचकच चालणार नाही.

पाइप कसा असावा, कोठून न्यावा

पाइपाचा आतला व्यास क्लिनरच्या मूळ तोंडापेक्षा कमी नसावा. थोडा जास्त असला तर उत्तम. लांबी जितकी कमी तितकी बरी, हातभर ते दीड हातात काम बसवावे. काटकोनी बेंड टाळून मोठे वळण द्यावे. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, विहिरीवर सक्शनला कमी एल्बो वापरतो तसेच ना? अगदी तसेच.

मोटरपंपाला लावतो तो स्प्रिंगवाला सक्शन पाइप घरात असतो आणि मोह होतो. तो ओढीने चपटा होत नाही हे खरे, पण गरमीला तोही पीव्हीसीच. त्यापेक्षा पत्र्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घ्यावा आणि दोन्ही टोकांना रेडिएटरला वापरतात तसल्या जाड रबरी होजचे तुकडे लावून स्क्रूच्या क्लिपांनी आवळावे. इंजिन हलते, बॉडी वेगळी हलते. मधे रबर नसेल तर पत्रा सांध्यात तुटतो. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरच्या पाइपापासून किमान वीतभर अंतर ठेवावे. पाइप पंख्याला, बेल्टला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला लागत नाही हे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

तोंड कोठे काढावे, यावर मात्र माझे ठाम मत आहे. वर काढावे. रेडिएटरच्या बाजूला, हेडलाइटच्या मागे वरच्या अंगाला जागा असेल तर ती, नाहीतर मडगार्डमधून वर बॉनेटच्या उंचीला. चाकाच्या कमानीत नको, तेथे चाकाने उडवलेली माती असते. बंपरखाली तर मुळीच नको. जमिनीलगतची हवा दुपारी वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि फुफाटाही तेथेच दाट. तुमच्या ट्रॅक्टरकडे पाहा. त्याच्या हवेचे तोंड बॉनेटच्या वर काढलेले असते आणि त्यावर धूळ गोळा करणारी टोपी असते. ज्यांनी तो बनवला त्यांनी शेताचा विचार केला होता. तशीच टोपी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. मापाची बसत असेल तर जीपच्या पाइपावरही बसवता येते. तोंडाला जाळी मात्र मोठ्या भोकांची लावा, पाखरू आणि पाचट अडेल एवढीच. बारीक जाळी चार दिवसांत बुजते.

आणखी एक. निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यात थंडीत पहाटे पारा चार - पाच अंशांवर येतो. अशा वेळी डिझेल इंजिनाला थंड हवेचे कौतुक नसते. हीटर प्लग तापवूनही ते पांढरा धूर सोडते, ठोके देते. तेव्हा पाइप असा जोडावा की थंडीत तो क्लिप सैल करून काढता येईल आणि जुन्या तोंडाने हवा घेता येईल.

ऑइल बाथ आणि कागदी फिल्टर

पाइप लावण्याआधी फिल्टर नीट असावा, म्हणून दोन शब्द. ऑइल बाथ क्लिनरमध्ये खुणेपर्यंतच ऑइल भरावे. जास्त भरले तर जास्त धूळ अडेल, हा समज घातक आहे. वरचे ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि इंजिन त्यावरच चालू लागते. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चावी फिरवा, बंद करण्याची तार ओढा, ते ऐकत नाही. कारण डिझेल बंद झाले तरी त्याला जळायला ऑइल मिळत असते. फेरे वाढत जातात आणि इंजिन फुटू शकते. जाळी डिझेलमध्ये धुऊन न निथळता बसवली तरी असेच घडते. असा प्रसंग आला तर हवा बंद करणे हाच उपाय. तोंडावर फळी दाबावी. गाडीत बसलेले असाल तर सर्वांत वरचा गियर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडावा म्हणजे इंजिन दबून बंद पडते. माणसांना आधी दूर करावे.

फुफाट्याच्या दिवसांत ऑइल बाथ रोज उघडून पाहावा. तळाशी गाळ साचला किंवा ऑइल लाप्शीसारखे घट्ट झाले की बदलावे, तास मोजत बसू नये.

कागदी फिल्टरचे उलटे आहे. त्याला फार जपणारेच त्याचा नाश करतात. रोज काढायचा, टायरवर आपटायचा, पंक्चरवाल्याकडे जाऊन जोराची हवा मारायची. कागदाला चीर पडते आणि कडेचे रबर वाकते. हवा मारायचीच तर आतून बाहेर, ३० पौंडांच्या खाली, नळी हातभर लांब धरून. नंतर आत बॅटरी लावून अंधारात पाहावे, कोठून उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर बाद. पाण्याने, पेट्रोलने किंवा डिझेलने कागद धुऊ नये.

नव्या गाड्यांचे वेगळे आहे

आतापर्यंत बोललो ते जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांबद्दल. तुमच्या मुलाने अलीकडे घेतलेली टर्बोची डिझेल मोटार असेल तर तिच्या हवेच्या पाइपाला करवत लावू नका. विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांना.

त्यांचे कारण असे. या गाड्यांत हवेचे तोंड कंपनीने आधीच पुढे, थंड हवेत काढलेले असते. फिल्टरच्या मागे एक सेन्सर असतो. त्यातली तापलेली पातळ पट्टी हवेने किती थंड होते यावरून तो हवा मोजतो आणि कॉम्प्युटर त्या मापाने डिझेल आणि धुराचे सगळे गणित करतो. तुम्ही पाइपाचा व्यास बदलला, वळण बदलले, की सेन्सरचे माप चुकते. तेल लावलेला धुण्याजोगा फिल्टर बसवला आणि तेल जास्त झाले, तर ते त्या पट्टीवर जाऊन बसते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

शिवाय टर्बोत बाहेरून आलेली हवा दाबली जाऊन शंभर अंशांच्याही वर तापते. तिला थंड करायला रेडिएटरसारखा दिसणारा इंटरकूलर असतो. या गाडीला थंड हवा द्यायची असेल तर काम तेथे आहे. पुढून वाकून पाहा. गव्हाच्या मळणीनंतर त्याच्या पात्यांत भुसकट, किडे आणि चिखल अडकलेला असतो. नळाच्या साध्या धारेने, पाती वाकू न देता धुवावा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या धारेने पाती चपटी होतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजा आणि क्लिपा हात फिरवून पाहाव्यात. सांध्याभोवती ऑइलची ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तेथून दाबलेली हवा निसटत आहे. एवढे केल्याने घरच्या घरी जो फायदा होईल तो हजारो रुपयांच्या पाइपाने होत नाही.

फिल्टरचा डबाही महिन्यातून एकदा उघडावा, निदान उंदरांसाठी. गाडी धान्याच्या खोलीशेजारी उभी असते. उंदीर पाइपातून डब्यात शिरून कापूस, शेंगांची टरफले, कागद यांचे घरटे करतो. एकदा वर्गासाठी आणलेल्या मोटारीचा डबा मी सर्वांसमोर उघडला आणि आतून ज्वारीची कणसे निघाली. मालकाला पिकअप का नाही ते कळले.

पावसाळा

बंपरखाली पाइप सोडू नका असे मी म्हणालो त्याचे सर्वांत मोठे कारण पाणी. फरशी पुलावरून गुडघाभर पाणी वाहत असते, समोरचा ट्रॅक्टर पार जातो, आपणही गाडी घालतो. ट्रॅक्टरचे तोंड छातीच्या उंचीला आहे आणि तुम्ही स्वतः बसवलेल्या पाइपाचे गुडघ्याच्या खाली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात पिस्टन वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये उरणारी जागा ३५ ते ४० मिलिलिटर असते, लहान कपाच्या निम्म्याहूनही कमी. तेवढे पाणी एका सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फोडून बाहेर येतो. पेट्रोल इंजिनात ही जागा जास्त असते. डिझेलमध्ये दाब जास्त हवा म्हणून ती मुद्दाम लहान ठेवलेली असते.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. बहुतेक इंजिने पाण्याने जात नाहीत, त्यानंतर मारलेल्या स्टार्टरने जातात. गियरमध्ये घालून ढकलूही नका. गाडी न्यूट्रलमध्ये ओढून कोरड्यावर आणा. फिल्टरचा डबा उघडा. आत पाणी असेल तर बॅटरीची तार सोडवा आणि मिस्त्रीला बोलवा. तो नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवील, पाणी त्या भोकांतून बाहेर पडेल. भोकांवर तोंड आणून पाहू नका, पाणी जोराने उडते. मग इंजिन ऑइलची कांडी पाहा. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यातही पाणी गेले आहे, ते सगळे काढून ऑइल फिल्टरसह नवे भरावे लागेल. ऑइल बाथ असेल तर त्याचे ऑइलही बदला, आणि कागदी फिल्टर भिजला असेल तर तो उन्हात वाळवून पुन्हा बसवू नका, नवाच घ्या.